रस्त्याची पट्टी : सांगलीतल्या एका गुंठेवारी कॉलनीचे प्रकरण

हे प्रकरण सांगलीतल्या एका कॉलनीचे आहे. कॉलनीचे आणि माणसांचे नाव गाळले आहे. ओळख पटू नये इतपत आकडेही बदलले आहेत, पण हिशेबाचे प्रमाण तेच आहे. रस्त्याच्या लेव्हल, म्हणजे जमीन कुठे किती उंच-सखल आहे ते मोजून देण्यासाठी मला बोलावले होते, म्हणून बहुतेक बैठकांना मी हजर होतो. निर्णय रहिवाशांचे आणि महापालिकेच्या अभियंत्यांचे. मी मशीन लावून आकडे सांगणारा.

पार्श्वभूमी

शहराच्या कडेचे काळ्या मातीचे रान. मालकाने बिगरशेती न करता ते गुंठ्यागुंठ्याने विकले. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली तेव्हा इथली निम्मी घरे उभी होती. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने असे प्लॉट शुल्क भरून नियमित करून घ्यायची वाट काढली. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची अशी बांधकामे त्यात घेतली. या गल्लीतल्या ३२ प्लॉटपैकी २३ जणांनी शुल्क भरून प्लॉट नियमित केले होते. उरलेल्या ९ जणांनी ‘बघू पुढं’ म्हणून ठेवले होते.

गल्ली १८० मीटर लांब आणि ३० फूट रुंद. रुंदी कागदावरची. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी पायऱ्या, गाडी चढवायचे उतार, कपडे धुवायचे दगड आणि एका ठिकाणी चक्क शेळीचा गोठा एवढे वगळून मधे १७-१८ फूट उरत होते. गटार कच्चे. टोकाला महापालिकेचे मोठे पक्के गटार, ते पुढे नाल्याला मिळते. प्लॉट एक ते तीन गुंठ्यांचे. चार मोकळे, दोन ठिकाणी खाली दुकाने, एकात पिठाची गिरणी.

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी घरटी पट्टी काढून मुरूम टाकायचा, हा इथला वीस वर्षांचा रिवाज. पहिल्या दोन पावसांत मुरूम काळ्या मातीत जायचा, थोडा वर राहायचा, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. या रिवाजाने काय करून ठेवले होते ते पुढे कळले.

अडचण

जुलैत गल्लीत चिखल, शाळेच्या रिक्षा आत यायला तयार नाहीत, एका वृद्ध बाईंना दवाखान्यात न्यायला चौघांनी खुर्चीवरून उचलून मुख्य रस्त्यापर्यंत आणले, असे सगळे होते. पण हे वीस वर्षे होतेच. गाडा हलला तो शेजारच्या कॉलनीत काँक्रीटचा रस्ता झाला म्हणून. ‘त्यांचा झाला, आपला का नाही’ हे कारण कुठल्याही निवेदनात लिहीत नाहीत, पण सगळ्यांत जास्त सह्या त्यानेच मिळतात.

निवेदन गेले. तेव्हा महापालिकेत प्रशासक होते, नगरसेवक नव्हते. उत्तर सरळ आले: रस्ता सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाच्या नावाने आहे, म्हणजे खासगी आहे. तो महापालिकेच्या ताब्यात द्या. गटार आणि रस्त्याचा पाया करता येईल. फुटपाथ आणि पेव्हिंग ब्लॉकचा खर्च रहिवाशांनी ठेव अंशदान म्हणून, म्हणजे आपला वाटा महापालिकेकडे आधी जमा करून, भरला तर एकाच निविदेत सगळे काम होईल.

यावर पहिल्याच बैठकीत निवृत्त मुख्याध्यापकांनी (त्यांना सगळे सर म्हणतात, इथेही तसेच म्हणू) सरळ भागाकार केला: रहिवाशांचा वाटा अंदाजे १० लाख, भागिले ३२, घरटी ३१,२५०. दुसऱ्या दिवशी यादी फिरली. आठवड्यात बारा जणांनी ‘हो’ म्हटले, तेरा गप्प राहिले, सात जणांनी तोंडावर नकार दिला.

नकाराची कारणे लोकांनी आपापल्या परीने लावून टाकली. कंजूष आहेत, राजकारण करतात, भाडेकरूंना काय पडलंय. त्या सात जणांची घरे नकाशावर मांडली तर सहा घरे सगळ्यांत जुनी आणि गल्लीच्या खालच्या टोकाला होती. तोवर कुणी तसे मांडून पाहिले नव्हते.

पर्याय

वाट पाहणे हा पहिला पर्याय. आमदार निधीतून किंवा जिल्हा नियोजनच्या निधीतून कधीतरी रस्ता होईल आणि मग एक रुपयाही भरावा लागणार नाही. हे खोटे नव्हते, अशा गल्ल्या झालेल्या आहेत. फक्त त्यासाठीही आधी ताब्याचा प्रश्न सुटावा लागतोच, आणि हे तो पर्याय मांडणाऱ्यांनी बैठकीत सांगितले नाही.

दुसरा पर्याय तरुणांचा: महापालिका नको, आपलाच ठेकेदार लावू, पंधरा दिवसांत ब्लॉक बसवून मोकळे. ओळखीच्या ठेकेदाराने दरही स्वस्त दिला होता. त्या दरात मुरमावर वाळू आणि वर ६० मिलिमीटरचे ब्लॉक होते. ६० चा ब्लॉक माणसांनी चालायच्या आणि हलक्या गाड्यांच्या जागेसाठी. जिथून वाळूचा डंपर आणि पाण्याचा टँकर जातो तिथे ८० चा लागतो, आणि खाली काळी माती असेल तर ती काढून खडी-मुरमाचा थर दाबून घ्यावा लागतो. नाहीतर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ब्लॉकची नांगरट होते. शिवाय गटाराचे काय, याला उत्तर नव्हते.

तिसरा पर्याय कायद्याचा. खासगी रस्ता समतल करणे, खडीकरण, गटार, दिवे ही कामे करून द्या अशी नोटीस रस्त्यालगतच्या मिळकतधारकांना देण्याचा आणि त्यांनी न केल्यास खर्च वसूल करण्याचा अधिकार महापालिका कायद्यात आयुक्तांना आहे. एका वकील रहिवाशाने तो वाचून दाखवला. ‘मग कुणी नाही कसं म्हणतंय बघू.’ सभेत शांतता पसरली आणि नंतर गिरणीवाल्या काकू म्हणाल्या, “वकीलसाहेब, नोटीस आली तर सगळ्यांनाच यील की. माझ्याबरोबर तुमच्याबी दारात.” विषय तिथेच संपला. माझ्या मते तो योग्य ठिकाणी संपला. नोटिशीने पैसे वसूल होतात, पण फुटपाथसाठी पायरी मागे घ्यायला माणूस तयार होत नाही.

उरला वाटणीचा पर्याय. तो सगळ्यांना तत्त्वतः मान्य होता, म्हणजे कुणालाच अजून नीट कळला नव्हता.

पहिला कस : लाल रेघ

सरांनी मला बोलावले ते या टप्प्यावर. कल्पना साधी होती. अंदाजपत्रकात नव्या रस्त्याची जी वरची पातळी धरली आहे, ती प्रत्येक घराच्या फाटकाच्या खांबावर लाल रंगाने आखायची. दोन दिवस ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून एका पोराच्या हातात स्टाफ (आकडे कोरलेली उभी पट्टी) आणि दुसऱ्याच्या हातात ब्रश देऊन ते केले.

वरच्या टोकाला रेघ खांबाच्या तळाशी आली. तिथली घरे गेल्या दहा वर्षांतली, जोती तीन-साडेतीन फुटांची. खाली सरकू लागलो तशी रेघ वर चढू लागली. शेवटच्या सहा घरांत ती उंबऱ्याच्या वर गेली. एका घरी तर फाटकाच्या खांबावर आधीच एक निळी रेघ होती, २०१९ च्या महापुराची, छातीइतक्या उंचीवर. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. घरच्या आजोबांनी निळ्या रेघेकडे बोट केले. “ती कृष्णामाईची. तिला इलाज न्हाई. ही लाल कुणाची?”

मग ते जे बोलले ते जसेच्या तसे इथे देतो: “सर, पैसं द्यायला ना न्हाई. रस्ता तुमचा हुईल ओ. पाणी माझ्या सोप्यात यील, त्याचं काय? तीस हजार देऊन मी पाणी विकत घिऊ?”

मूळ जमीन आणि आजची गल्ली यांतला फरक मोजला तेव्हा खालच्या टोकाला तो १६ इंच भरला. हा सगळा वीस वर्षांचा मुरूम. म्हणजे रस्ता रहिवाशांनीच पट्टी काढकाढून उंच केला होता, आणि त्या पट्टीत या सहा घरांचेही पैसे होते. अंदाजपत्रक आजच्या पातळीवर आणखी थर धरून केले होते. त्यात चूक म्हणण्यासारखे काही नव्हते. जागेवर जी जमीन दिसते तीच धरतात.

महापुराचा मुद्दा इथे बाजूला ठेवला, आणि ते बरे झाले. पूर येतो तेव्हा रस्ता फूटभर वर असला काय न् खाली असला काय, पाणी जाते तिथे जातेच. प्रश्न जुलैतल्या तासभराच्या सरीचा होता.

पातळी खाली किती नेता येते हे टोकाच्या मोठ्या गटाराने ठरवले. आतल्या गटाराला १:३०० चा उतार धरला तरी १८० मीटरला ६० सेंटिमीटर जातात. गटाराचा तळ मोठ्या गटाराच्या तळाच्या वरच राहायला हवा. हिशेब केला तेव्हा खालच्या टोकाला रस्ता आजच्यापेक्षा जास्तीत जास्त ११ इंच खाली नेता येत होता. सहापैकी चार घरे त्यात सुटली, दोन नाही.

खोदाईचा आणि माती वाहून नेण्याचा खर्च वाढला, तो रहिवाशांच्या वाट्यात आला. तो १० लाखांतच बसावा म्हणून फुटपाथ दोन्ही बाजूंऐवजी एकाच बाजूला घेतला. वरच्या टोकाच्या लोकांनी विचारले, खाली खोदायचे पैसे आम्ही का द्यायचे? सरांनी त्यांना एवढेच विचारले की तुमच्या अंगणातले पाणी शेवटी कुणाच्या दारावरून जाते. यावर खूप वाद झाला, दोन बैठका गेल्या, पण लाल रेघ सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तिचा उपयोग माझ्या आकड्यांपेक्षा जास्त झाला.

दुसरा कस : वाटणी कशाने मोजायची

घरटी सारखी रक्कम एक गुंठ्याच्या मालकाला मान्य नव्हती. गुंठ्यावर वाटा म्हटले तर मागे लांबलचक पसरलेल्या प्लॉटवाल्यांचा विरोध: ‘माझा रस्त्याला चेहरा वीस फूट, मी तीन गुंठ्यांचे का देऊ?’ रस्त्याकडच्या लांबीवर म्हटले तर कोपऱ्यावरचा दुकानदार बिथरला, कारण त्याची लांब बाजू या गल्लीला आणि शटर मुख्य रस्त्याला. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत समोरचा फुटपाथ नीट ठेवणे ही घरमालकाचीच जबाबदारी असते, रस्त्यालगतच्या लांबीवर आकारणीही होते, आणि कोपऱ्याच्या प्लॉटचे भांडण तिथेही आहे. हे बैठकीत सांगितल्यावर दुकानदाराला बरे वाटले, निर्णयाला काही मदत झाली नाही.

अखेर ठरले ते असे. रहिवाशांच्या १० लाखांतले निम्मे प्रत्येक प्लॉटवर समान, कारण रस्ता सगळे सारखाच वापरतात. निम्मे रस्त्याकडच्या फुटांवर. फाटक या गल्लीत नसेल तर ती बाजू निम्मी धरायची. सगळी लांबी अशी मोजून १,०५० फूट आली. म्हणजे प्लॉटमागे १५,६२५ आणि फुटाला ४७६ रुपये. २० फुटी प्लॉटला सुमारे २५,१५०, ३० फुटीला २९,९००, ६० फूट दर्शनी असलेल्या एकमेव प्लॉटला ४४,२००. आधीच्या ३१,२५० पासून कुणी फार लांब गेले नाही, पण प्रत्येकाला आपला आकडा कसा आला ते टेप लावून पाहता आले. टेप मी धरला नाही, दोन विरुद्ध गटांतल्या दोन माणसांनी धरला.

एक तक्रार मात्र या सूत्राने सुटत नव्हती. ज्या २३ जणांनी गुंठेवारी नियमित करताना विकास शुल्क भरले होते ते म्हणत होते, आमच्याकडून रस्त्या-गटाराचे पैसे एकदा घेतलेत, आता पुन्हा का? त्यांचे म्हणणे बरोबर होते असे मला आजही वाटते. अभियंत्यांचे उत्तर असे की ३४ लाखांच्या कामात महापालिका २४ लाख घालते आहे, ते त्यापोटीच समजा. उरलेल्या ९ जणांनी प्रस्ताव दाखल करून शुल्क भरावे अशी अट रहिवाशांनी स्वतःच घातली. सात जणांनी भरले. दोन अजून बाकी आहेत.

फुटपाथ कोणत्या बाजूला, हा वाद त्या मानाने लवकर मिटला. अंगणवाडी ज्या बाजूला आहे त्या बाजूला, १.८ मीटर रुंद. त्या बाजूच्या घरांचे गाडीचे उतार फुटपाथच्या कडेतच घेऊन ते सामाईक खर्चात धरले, आणि पायऱ्या ज्याने त्याने स्वखर्चाने मागे घ्यायच्या. शेळीचा गोठा आपोआप हलला. दोन कडुलिंब ठेवले, तिथे फुटपाथ चिंचोळा होतो.

ताबा आणि पैसे

मूळ मालक वारले होते. वारस सात. पाच गावात, एक पुण्यात, एका बहिणीचे सासर कर्नाटकात. रस्त्याची जागा विकून झालेली असल्यासारखीच असली तरी कागदावर त्यांची होती. एका वारसाने ‘आमचंबी काय तरी बघा’ म्हणून अडवले. रहिवाशांपुढे दोन रस्ते होते: काहीतरी देऊन सही घ्यायची किंवा थांबायचे. काही जण द्यायला तयार होते. सरांनी साफ नाही म्हटले. एकाला दिले की सहा जण परत येणार. ते स्वतः वारसांच्या थोरल्या भावाकडे, अण्णांकडे गेले. अण्णांच्या शब्दावर सही झाली, पण त्यात एक हंगाम गेला. कोरड्या दिवसांतले काम पुढच्या दिवाळीनंतरवर ढकलले गेले.

पैसे तोवर जमायला लागले होते. रहिवासी संघाचे वेगळे बँक खाते, तीन सह्या, प्रत्येक भरण्याची पावती, आणि दर महिन्याला जमाखर्च मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर. नावासमोर बाकी लिहायची की नाही यावर मतभेद झाले. शेवटी फक्त जमा लिहिली. ज्याचे नाव नाही ते सगळ्यांना दिसतेच. पाच कुटुंबांना हप्ते दिले. चार मोकळ्या प्लॉटपैकी तिघांच्या मालकांनी एकरकमी भरले, कारण रस्ता झाला की भाव वाढणार हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळते. चौथा मालक मुंबईत, फोन उचलला नाही, टपाल परत आले. त्याचा वाटा राहिला. ही वर्गणी आहे, कर नव्हे, म्हणून ती घरपट्टीत चढवून वसूल करता येत नाही. त्याचा वाटा गणपती मंडळाच्या शिलकीतून उसना घेतला. मंडळाच्या पोरांनी तो विनाव्याज दिला, बदल्यात मांडवाचे खड्डे खणायचे नाहीत म्हणून खांब रोवायला चार कायमच्या लोखंडी नळ्या काँक्रीटमध्ये बसवून घेतल्या. या प्रकरणातला सगळ्यांत शहाणा सौदा तोच.

रक्कम महापालिकेकडे ठेव म्हणून भरली, निविदा निघाली, डिसेंबरात खोदाई लागली, एप्रिलअखेर ब्लॉक बसले.

निष्पत्ती

पहिल्या पावसाळ्यात गल्लीत पाणी थांबले नाही. चार घरांच्या उंबऱ्यापर्यंतही आले नाही. ज्या दोन घरांना पातळीने न्याय मिळाला नव्हता, त्यांच्या फाटकाशी आडवी लोखंडी जाळी टाकून तिचे पाणी थेट गटाराच्या चेंबरला दिले आणि उंबरे चार इंच वर घेतले, सामाईक खर्चातून. एकदा मोठ्या सरीत जाळीवर कडुलिंबाचा पाला बसला आणि त्यांतल्या एका घराच्या पडवीत पाणी आले. तेव्हापासून जाळी साफ करायची पाळी लावली आहे. ती कधी पाळली जाते, कधी नाही.

दुसऱ्या वर्षी एका केबल कंपनीने परवानगी घेऊन आडवा चर खणला. ब्लॉक उचलून परत बसवता येतात म्हणूनच काँक्रीटऐवजी ब्लॉक घेतले होते, आणि ते परत बसवलेही. पण चरात माती नीट दाबली नाही, त्यामुळे तिथे गल्लीच्या रुंदीभर बोटभर खोल पन्हळ पडली आहे. फुटपाथवर रात्री मोटारसायकली असतात. सकाळी नऊ ते अकरा, अंगणवाडीच्या वेळेत, तो मोकळा ठेवायचा असा अलिखित करार आहे आणि तो बऱ्यापैकी पाळला जातो. दुकानदाराने आपले एक शटर आता गल्लीकडे उघडले आहे. त्यावर ‘मग निम्मी बाजू का धरली’ हा वाद अजून चालू आहे.

रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करण्याची कार्यवाही नोटीस आणि हरकतींच्या टप्प्यातून जाऊन पूर्ण झाली. मुंबईच्या प्लॉटमालकाने प्लॉट विकायला काढला तेव्हा घेणाऱ्याने चौकशीला गल्लीत येऊन विचारले, आणि लोकांनी त्याला बाकीचा आकडा सांगितला. त्याने व्यवहारातून तेवढी रक्कम वळती करून संघाला भरली. कायद्याने तो बांधील नव्हता.

काय वेगळे करता आले असते

लेव्हल पैशाच्या यादीआधी घ्यायला हव्या होत्या. यादी आधी फिरल्यामुळे नकार देणाऱ्यांवर कंजूषपणाचा शिक्का बसला, आणि लाल रेघ आखल्यावर तो चुकीचा ठरला तरी पुसला गेला नाही. त्यातल्या दोन घरांशी काहींचे बोलणे आजही तुटक आहे.

पहिल्या तीन बैठका रात्री देवळासमोर झाल्या, त्यात पुरुषच होते. पाणी कुठून येते, कुठे थांबते, कुठल्या घरचे सांडपाणी कुणाच्या दारात जाते, हे घरातल्या बायकांना इंचाइंचाने माहीत होते. चौथी बैठक दुपारी गिरणीसमोर झाली तेव्हा तासाभरात गल्लीचा जो नकाशा उभा राहिला तो माझ्या लेव्हलशी जवळजवळ तंतोतंत जुळला. ती बैठक पहिली असती तर मशीन लावायची वेळ लवकर आली असती.

वारसांच्या सह्या झाल्याशिवाय वर्गणी घ्यायलाच नको होती. जमलेले पैसे एक हंगाम पडून राहिले, आणि त्या काळात ‘व्याज कुणाचं?’ या प्रश्नाने सरांना जेवढा मनस्ताप झाला तेवढा वाटणीच्या सूत्रानेही झाला नसेल. व्याज खात्यातच राहिले, पावत्या होत्या म्हणून निभावले.

रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप, दर तीस मीटरला एक, टाकले असते तर केबलसाठी चर खणावा लागला नसता. ते अंदाजपत्रकात सुचवले होते. वाटा कमी करायच्या नादात बैठकीत कापले गेले. वाचले असतील पंचवीस-तीस हजार.

आणि देखभालीसाठी काहीच ठेवले नाही. घरटी वर्षाला मुरमाला जेवढे जायचे त्याच्या निम्मे जरी दर मे महिन्यात जमा केले असते, तर पन्हळ उचलून परत दाबायला आणि जाळीला माणूस लावायला पुरले असते. या मे महिन्यात सरांनी तसा प्रस्ताव मांडला आहे. आतापर्यंत अकरा घरांची पावती फाटली आहे, पहिली त्या लाल रेघेवाल्या आजोबांची.